फाटकाच्या आत: चंद्रपूर-गडचिरोलीतील इंटर्नशिपचा मागोवा

चंद्रपूर-गडचिरोली भागात कारखाने आधी आले, अभियंते घडवण्याची सोय नंतर झाली. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ मधली. मँगनीजचे मिश्रधातू बनवणारी महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट १९७४ मध्ये स्थापन झाली. पुढे ती ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीची उपकंपनी झाली आणि २०११ मध्ये तिच्यातच विलीन झाली. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्याच दशकात आवाळपूर, गडचांदूरच्या चुनखडीवर सिमेंटच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र चंद्रपुरात १९९६ मध्ये उघडले. तोवर सरकारी महाविद्यालयातून ही पदवी घ्यायची तर जिल्हा सोडावाच लागे.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पदवी-पदविकाधारकांना त्यात जागा मिळाली ती १९७३ च्या दुरुस्तीने. पण ती सोय शिक्षण संपल्यानंतरची. शिकत असतानाचे ‘इनप्लांट ट्रेनिंग’ बरीच वर्षे महाविद्यालयाचे पत्र आणि कारखान्याची मर्जी यांवरच चालले. उन्हाळ्याच्या सुटीत दोन-चार आठवडे, गेटपास, सुरक्षेचे व्याख्यान, हेल्मेट, मग एका विभागातून दुसऱ्या विभागात फेरी आणि शेवटी अहवाल. यंत्राला हात लावायची मुभा नसे. अनेकांचा अहवाल मागच्या तुकडीच्या अहवालावरून उतरे आणि तो तसाच स्वीकारलाही जाई. या व्यवस्थेतले सर्वांत मोठे नुकसान हेच होते.

तरीही ज्याला कोणी नीट दाखवणारा भेटला, त्याला वर्गात न मिळणारे बरेच काही मिळाले. सिमेंटची भट्टी हे त्याचे उत्तम उदाहरण. क्लिंकर साधारण १,४५० अंश सेल्सिअसला तयार होतो, हे पुस्तकात असतेच. कंट्रोल रूममध्ये मात्र त्या फिरत्या भट्टीच्या बाहेरच्या पोलादी कवचाचे तापमान पडद्यावर सतत उमटत असते आणि ऑपरेटरचा जीव त्या आलेखात अडकलेला असतो. आतली उष्णतारोधक वीट एखाद्या जागी झिजली की तिथले कवच तापत जाते. फारच झिजली तर ते लाल दिसू लागते. अशा वेळी त्या जागी पंख्याची हवा सोडून भट्टी चालू ठेवायची की थांबवायची, हे ठरवावे लागते. थांबवली तर ती थंड होणे, विटा बदलणे आणि पुन्हा हळूहळू तापवणे यांत दिवस जातात; रेटून चालवली तर कवचच वाकू शकते. उष्णतावहनाचे समीकरण, उत्पादनाचे गणित आणि माणसांची सुरक्षितता तिथे एकाच निर्णयात येतात. वीज केंद्रातही अनुभवी फिटर बेअरिंगच्या घरावर लोखंडी सळई टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरतो आणि आवाजावरून बिघाड ओळखतो. कंपनमापकाचे आकडे काय सांगतात, हे त्याच्याशेजारी उभे राहिले की लवकर उमगते.

कागद कारखान्यात धडा जंगलापर्यंत पोचतो. बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजतात, लिग्निन विरघळते; उरलेला काळा द्रव घट्ट करून बॉयलरमध्ये जाळला की वाफ मिळते आणि रसायनेही परत हाती येतात. हा बांबू प्रामुख्याने सरकारी जंगलातून येई. २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेला आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळाला. कच्चा माल कोणाचा, हा प्रश्नही अभियंत्याच्या अभ्यासात यायला हवा.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने इंटर्नशिपला श्रेयांक दिले आणि ती ऐच्छिक राहिली नाही. मागणी वाढली, पण फाटकाआडच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २०२० मध्ये टाळेबंदीने बहुतेकांची इंटर्नशिप घरातल्या पडद्यावर आली. कारखान्याची धूळ, वैशाखातला ४५ अंशांपुढचा उकाडा, वीजपुरवठा तोडून कुलूप लावल्याशिवाय यंत्र न उघडण्याची शिस्त यांतले काहीच तिथे शिकता येत नव्हते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० आणि आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० रुपये विद्यावेतन ठरले, मात्र ते शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी. शिकणाऱ्यांपैकी अनेकांच्या खोलीभाड्याचा आणि खानावळीचा बोजा अजून घरच्यांवरच आहे.

हा बोजा गडचिरोलीच्या मुलांना अधिक जड गेला. १९८२ मध्ये जिल्हा वेगळा झाल्यानंतर मोठा कारखाना म्हणावा असा आष्टीचा कागद कारखाना सोडला तर फारसे काही नव्हते. प्रशिक्षणासाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठणे भाग होते. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजामुळे हे चित्र पालटू लागले. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला स्पंज आयर्नचा प्रकल्प उभा राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. स्पंज आयर्न बनवताना खनिज वितळवत नाहीत; त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया पाहण्यासाठी आता जिल्हा ओलांडावा लागत नाही.