नव्या संगणकाची स्मरणशक्ती
मुलीच्या शिक्षणासाठी पै-पै साठवून आम्ही सुटे भाग आणले आणि रिद्धपूरच्या घरीच संगणक जोडला. म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिले ते हेच गाव; आमच्या यंत्राला मात्र घटकाभराचेही आठवेना! मध्येच निळा पडदा येई. दोनदा विंडोज नव्याने टाकली, व्यर्थ.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवली. रॅमची एकेक पट्टी निर्दोष. दोन्ही लावल्या की चुका. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे पट्टीचा वाढीव ३२०० वेग, चालू होता. तो बंद करून २४०० वर आणला. एकही चूक नाही.

वाचकहो, पट्टी हाताळण्यापूर्वी वीज जरूर तोडा. बिघडलेला प्रकल्प-अहवाल मात्र मुलीला पुन्हा लिहावा लागला.