अरण्यात तग धरण्याची स्पर्धा आणि प्रवराकाठचा अर्जदार

निर्जन प्रदेशात मोजक्या साधनांनिशी राहून दाखवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धांमध्ये, म्हणजेच सर्रास ज्यांना ‘सर्व्हायव्हल रिअ‍ॅलिटी शो’ म्हटले जाते त्या कार्यक्रमांमध्ये, अंगात रग असलेल्यालाच प्रवेश मिळतो असा समज रूढ असला, तरी निवड करणाऱ्यांची नजर आणखी काही शोधत असते. उपाशी, थकलेल्या आणि चिडलेल्या अवस्थेतही मनात काय चालले आहे ते कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलणारा माणूस त्यांना हवा असतो. नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारसारख्या गावातून अर्ज करू पाहणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे, कारण उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलामुलींच्या गाठीशी अनुभव पुष्कळ असतो, पण तो सांगण्याजोगा आहे हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

या प्रकाराची सुरुवात 1997 मध्ये स्वीडनच्या ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’पासून झाली आणि 2000 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘सर्व्हायव्हर’मुळे तो जगभर पोहोचला. त्यात स्पर्धकांचे गट पाडले जातात आणि स्पर्धकच मतदान करून एकेकाला बाहेर काढतात, त्यामुळे विस्तव पेटवण्याइतकेच माणसे जोडणेही तेथे महत्त्वाचे ठरते. त्याची हिंदी आवृत्ती 2012 मध्ये स्टार प्लसवर आली, तिचे चित्रीकरण फिलिपिन्समधील बेटांवर झाले, परंतु तिचे दुसरे पर्व निघाले नाही. 2015 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अलोन’ची रीत याहून कठोर आहे: दहा स्पर्धकांना एकमेकांपासून दूर सोडले जाते, ठरवून दिलेल्या यादीतून दहाच वस्तू निवडण्याची मुभा असते, चित्रीकरणही ज्याचे त्यानेच करायचे असते आणि सहन होईनासे झाले की उपग्रह-दूरध्वनीवरून कळवून माघार घ्यायची असते. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर झालेले पहिले पर्व अ‍ॅलन के यांनी 56 दिवस टिकून जिंकले.

अर्जाचे टप्पे बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. प्रथम प्रश्नावली, मग अर्जदाराने स्वतः काढलेली दोन-तीन मिनिटांची चित्रफीत, त्यानंतर मुलाखती आणि शेवटी शारीरिक व मानसिक तपासणी. आपल्याकडच्या ‘रोडीज’मध्ये गटचर्चा आणि वैयक्तिक मुलाखत असते, अमरावतीचा शिव ठाकरे 2017 मध्ये याच वाटेने पुढे आला, 2019 मध्ये मराठी ‘बिग बॉस’ जिंकला आणि 2023 मध्ये ‘खतरों के खिलाड़ी’त दिसला. ‘रोडीज’ आणि ‘खतरों के खिलाड़ी’ हे कार्यक्रम अरण्यवासाचे नव्हेत, त्यांत भर साहसी कसरतींवर आणि आपसांतील चुरशीवर असतो. तरीही मोठ्या शहराबाहेरच्या मराठी तरुणाला ही दारे उघडतात हे त्यातून दिसते.

चित्रफितीत व्यायामशाळेतील दंड दाखवण्यापेक्षा रात्री दारे धरतानाचा प्रसंग दाखवावा. दारे धरणे म्हणजे पाटाचे किंवा विहिरीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवणे. शेतीची वीज अनेकदा रात्रीच येत असल्याने हे काम अंधारात, गुडघाभर चिखलात, आणि ज्या उसात बिबट्याचा वावर आहे त्याच उसाच्या कडेने करावे लागते. कोल्हारच्याच जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतांनी व्यापलेल्या भागातही दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. भीती वाटत असतानाही हातातले काम न सोडणे म्हणजे काय, हे असा माणूस पाठांतर न करता सांगू शकतो, आणि तो ते आपल्या बोलीत सांगेल तर अधिक चांगले.

तयारीचा दुसरा भाग अन्नाचा. अशा मुक्कामात शरीर साठवलेल्या चरबीवर चालते, म्हणून ‘अलोन’चे अनेक स्पर्धक जाण्यापूर्वी मुद्दाम वजन वाढवतात; शिवाय सशासारख्या प्राण्याचे केवळ चरबीविरहित मांस खात राहिले, तर पोट भरूनही माणूस खंगत जातो, कारण प्रथिनांपासून ऊर्जा मिळवण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. वनस्पतींचे ज्ञान मात्र पुस्तकातून घेऊ नये. प्रवरेच्या उगमाकडच्या, रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या मुलखात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, चाई अशा रानभाज्या खुडतात, आणि त्या ओळखण्याचे शिक्षण त्यांच्याकडूनच, आदराने व मोबदला देऊन घ्यावे. सह्याद्रीतील शेवळाचे उदाहरण बोलके आहे: त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने नुसते शिजवून खाल्ले तर घसा खवखवतो, म्हणून ते चिंचेबरोबर किंवा काकड या आंबट रानफळाबरोबर शिजवतात. एवढी एक गोष्ट ठाऊक नसलेला स्पर्धक पहिल्याच आठवड्यात आजारी पडू शकतो. पाण्याबाबतही तसेच आहे. उकळल्याने जंतू मरतात, परंतु शेतांतून वाहून आलेली रसायने जात नाहीत. सरावासाठी अभयारण्यात शिरून फासे लावणे वा जाळ करणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. ओल्या काटक्यांवर विस्तव पेटवण्याचा आणि उसाच्या पाचटाचा निवारा उभारण्याचा सराव स्वतःच्या वावरातही, उभ्या पिकापासून दूर आणि पाणी हाताशी ठेवून, होतो.

मानसिक तपासणीला कमी लेखू नये. स्वीडनच्या पहिल्या पर्वात सर्वांत आधी बाहेर काढल्या गेलेल्या स्पर्धकाने कार्यक्रम प्रसारित होण्यापूर्वीच आत्महत्या केली होती, आणि स्पर्धकांची काळजी कोणी व किती घ्यायची हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राची पाठ सोडत नाही. करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते वकिलाकडून वाचून घ्यावे. दुखापतीचा खर्च कोण करणार, विमा आहे की नाही, चित्रीकरणातील कोणता भाग कसा जोडावा यावर स्पर्धकाचा काही अधिकार राहतो का, आणि निकाल गुप्त ठेवण्याची अट मोडल्यास दंड किती, हे चार प्रश्न तरी विचारावेत. निवडीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला तेथेच थांबवावे. चित्रीकरण कित्येक आठवडे चालते, त्या काळात फोन बहुधा काढून घेतला जातो, म्हणून भंडारदरा धरणाच्या पाण्याचे आवर्तन आले तर भरणे कोण करणार आणि डेअरीला दूध कोण घालणार, हे घरात बसून, भावाबहिणींशी बोलून, अर्ज पाठवण्याआधीच ठरवून घ्यावे.