बिनचेहऱ्याची करणी

आमच्या गावचा देवऋषी पौषात गेला. भोकरदन तालुक्याच्या आमच्या पट्ट्यात तेवढा जाणता दुसरा उरला नव्हता. दहाव्याला पिंड ठेवून झाला, कावळा काही शिवेना, आणि अर्धी माणसं मोबाइलात मान घालून बसली. तेवढ्यात गावाच्या ग्रुपवर देवाचा फोटो आला : अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चांगली बातमी मिळेल, दुर्लक्ष केलं तर... पुढची ही तीन टिंबं म्हाताऱ्याला कधी जमली नाहीत. तो सरळ सांगायचा : काळी कोंबडी, एक नारळ, सव्वा रुपया. झेपलं नाही तर तेही सांगायचा, ‘हे माझं काम नाही, जाळीच्या देवाला न्या.’

अशी साखळी ऐंशी-नव्वदच्या दशकांतही होती. संतोषीमातेची पोस्टकार्डं यायची, अक्षर बरं म्हणून एकवीस प्रती उतरवायचं काम आई माझ्या गळ्यात घालायची. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला. आमच्या शाळेचा शिपाईही वाटी-चमचा घेऊन गेला आणि तास बुडाले.

भानामती मात्र आमची, मराठवाड्याची. तिला पोथी नाही, गुरू नाही, गादी नाही. एका घरावर रात्री दगड पडायचे, आठ दिवसांनी दुसऱ्याच गल्लीत दोरीवरचं लुगडं पेटायचं. ऐकणारं प्रत्येक घर आपली भर घालून पुढं सांगायचं. शेजारच्या लेकीच्या दंडावर फुल्या उमटल्या तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. फुल्या बिब्ब्यानं उठतात, हे पुढं अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाल्यांनी गावोगाव दाखवलं. पण त्या पोरीला सासरी परत जायचं नव्हतं, हे तिनं एकट्या माझ्या आईला सांगितलं. खणत गेलं की तळाशी कुणीतरी सापडायचं.

२० ऑगस्ट २०१३ला पुण्यात याच समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षं अडलेल्या जादूटोणाविरोधी विधेयकाचा वटहुकूम चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद. त्याची अनुसूची मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. एक सहकारी हसले : ‘गुरुजी, भुताला समन्स कोणत्या पत्त्यावर काढणार?’ मी म्हणालो, देवऋषीच्या. वर ऐटीत जोडलं की पोरांच्या हातात मोबाइल आले की लिंबू-मिरची ठेच्यापुरती उरेल. ते गृहस्थ आता निवृत्त आहेत आणि भेटले की हटकून ठेच्याची चौकशी करतात.

कारण कायदा चेहऱ्यासाठी होता, आणि चेहरा नेमका तेव्हाच पुसला जात होता. २०१८च्या उन्हाळ्यात ‘मुलं पळवणारी टोळी’ फोनाफोनांत शिरली. एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीचा होता. त्यात शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात, तेवढंच कुणीतरी कापलं होतं. आम्हीही काठ्या घेऊन रात्री पारावर बसलो. मीसुद्धा. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. डौर वाजला की आमची आजी सुपातून पीठ घेऊन दाराशी जायची, त्यातली माणसं. धुळ्याच्या न्यायालयानं २०२४मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. ती मारणाऱ्यांना. व्हिडिओ कापणारा कोण, हे आजही कुणी सांगू शकत नाही. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, म्हणून अकराचा मेसेज तेव्हा तीन हप्त्यांत जाऊ लागला.

मग जालन्यातलं आभासी चलन. जानेवारी २०२३मध्ये फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला तेव्हा कळलं, ओळखीचे किती जण त्यात होते. या चलनांची विद्याच अशी सांगतात : मालक नाही, बँक नाही, वही सगळ्यांकडे. विकेंद्रित म्हणे. आजी अशा बिनमालकाच्या गोष्टीला ‘बाहेरचं’ म्हणायची. कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीची अघोरी कृत्यं आहेत, पण ती कुदळीनं खणणाऱ्यांची.

आता म्हातारा आणि फोनातला बिनचेहऱ्याचा, या दोघांत निवडायचं तर म्हाताऱ्याचं पारडं जड आहे, हे लिहायला मला जड जातंय. त्यानं एका विधवेला चेटकीण ठरवलं होतं, ते मी विसरलो नाही. पण तेव्हा आम्ही चौघं त्याच्या ओट्यावर जाऊन भांडलो, आणि पुढच्या अमावास्येला त्यानं शब्द मागं घेतला. ओटा होता.

ग्रुपचा ॲडमिन त्याचाच नातू, माझा विद्यार्थी. त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘हा फोटो कुणी टाकला रे?’

‘मला आला सर. आला तसा पाठवला.’

ऊन चढलं होतं. कावळ्याची वाट बघून थकल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.