चांदवड, चांदोर आणि सूचीचीं कोष्टकें : परस्परावलंबन शोधण्याची रीत

१. जुन्या कागदांच्या व नाण्यांच्या याद्या संगणकावर ठेवण्याची वहिवाट आतां पडली आहे. अशा यादींत एक नोंद सुधारली असतां दुसरी कोठें बिघडेल हें आधींच कसें ओळखावें, याचा खुलासा प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरण चांदवडचें घेतों.

२. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड हें होळकरांचें ठाणें. अहिल्याबाईंच्या नांवाशीं निगडित असा रंगमहाल तेथें आहे. जुन्या इंग्रजी कागदांत ह्याच गांवास चांदोर म्हटलें आहे. येथील टांकसाळीच्या रुपयांवर फारशींत 'जाफराबाद उर्फ चांदोर' असें नांव येतें, तर मराठी हिशेबांत रुपया 'चांदवडी' म्हणून लिहिला जातो. शिवाय निफाड तालुक्यांत गोदातीरीं चांदोरी हें निराळेंच गांव आहे. तेव्हां 'चांदोर' ही नोंद दुबार समजून काढून टाकावी असें सूचीकारास वाटणें साहजिक आहे. परंतु तत्पूर्वीं तिच्यावर काय काय अवलंबून आहे हें पाहिलें पाहिजे.

३. एडगर कॉड यांनीं इ. स. १९७० मध्यें मांडलेल्या पद्धतीवर जे संग्रह रचले जातात त्यांस रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्यांत माहिती कोष्टकांत विभागलेली असते. समजा, 'स्थळें', 'कागद' व 'नाणीं' अशीं तीन कोष्टकें आहेत. नाण्याच्या नोंदींत गांवाचें नांव पुन्हा न लिहितां 'स्थळें' ह्यांतील क्रमांक दिला जातो. हा दुवा म्हणजे फॉरेन की. ज्या ओळीकडे असा दुवा जातो ती पुसूं गेल्यास यंत्रणा सामान्यतः नकार देते. मात्र दुवा बांधतांना कॅस्केडची आज्ञा दिली असल्यास चांदोरबरोबर त्याचीं नाणींही निमूटपणें नाहींशीं होतात. म्हणून दुवा आहे एवढ्यानें भागत नाहीं. तो कोणत्या शर्तीवर बांधला आहे हेंही वाचावें.

४. दुसरें अवलंबन कोष्टकांवर रचलेल्या वस्तूंचें. 'होळकरी टांकसाळी' असा व्ह्यू केला असल्यास तो 'स्थळें' व 'नाणीं' ह्या दोहोंवर उभा असतो. त्या व्ह्यूवर दुसरा व्ह्यूही असूं शकतो. पुष्कळ यंत्रणा ह्यांची स्वतःची जंत्री ठेवतात. पोस्टग्रेसमध्यें तिचें नांव पीजी_डिपेंड, ओरॅकलमध्यें यूझर_डिपेंडन्सीज. कोष्टक काढूं गेल्यास पोस्टग्रेस आश्रित व्ह्यू दाखवून थांबते. ओरॅकल कोष्टक काढूं देते, आणि व्ह्यू निकामी ठरतो. एका यंत्रणेची संवय दुसरीस लावूं नये.

५. तिसरें अवलंबन लपलेलें असतें. एखाद्या पत्रांत 'मागील पत्रीं लिहिलेंच आहे' एवढेंच असतें. मागील पत्र कोणतें तें संशोधकानेंच हुडकावें लागतें. त्याचप्रमाणें प्रोसीजरमध्यें ऐन वेळीं जुळविलेल्या वाक्यांत, अथवा संग्रहाबाहेरील कार्यक्रमांत कोष्टकाचें नांव आलें असल्यास जंत्रींत त्याचा पत्ता लागत नाहीं. तेथें मूळ मजकुरांत नांव शोधणें हाच उपाय. मात्र 'चांदोर' शोधतांना 'चांदोरी'ही सांपडेल. तेव्हां प्रत्येक स्थळ डोळ्यांनीं तपासावें.

६. एकंदर रीत अशी. प्रथम दुवे लिहून काढावे, मग जंत्री पाहावी, शेवटीं मजकूर शोधावा. सांपडलेल्या प्रत्येक वस्तूवर पुन्हा हाच शोध चालवावा, आणि नवें कांहींच हातीं येईनासें झालें म्हणजे थांबावें. एकदां पाहिलेल्या वस्तूस खूण करावी, नाहीं तर दोन कोष्टकें परस्परांवर अवलंबून असतां शोध फिरतच राहतो. बदल प्रथम नकलेवर करून पाहावा.

७. चांदोरच्या बाबतींत निर्णय सोपा आहे. 'नामरूपें' असें निराळें कोष्टक करावें. चांदोर व जाफराबाद हीं दोन्ही त्यांत ठेवून चांदवडच्या क्रमांकास जोडावीं. मग जुन्या नोंदीचे सर्व दुवे चांदवडकडे वळवावे, आणि शेवटीं ती ओळ काढावी. नाण्यावरील वाचन मात्र 'नाणीं' ह्यांत जसेंच्या तसें राहूं द्यावें. तें वाचन हा पुरावा आहे, आणि तें चांदवडचें हा आपला निष्कर्ष. निष्कर्ष उद्यां बदलला तरी पुरावा शाबूत राहिला पाहिजे.