विश्लेषण : सातबाऱ्यावर नोंद करण्याचा अधिकार कुणाच्या लॉगिनला?

पूर्णा तालुक्यातील चुडावा महसूल मंडळात एखाद्याने एकरभर जमीन विकत घेतली, की खरेदीखत झाल्या दिवसापासून घरात एकच चौकशी सुरू होते : सातबाऱ्याला नाव कधी लागणार? नाव लागले नाही तर त्या जमिनीवर पीककर्ज मिळणे अवघड. पूर्वी याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात असायचे. आता फेरफाराची नोंद ई-फेरफार या संगणक प्रणालीत होते आणि ती कोण करू शकतो, हे लॉगिनला दिलेल्या अधिकारांवर ठरते.

एक सातबारा, अधिकार वेगवेगळे

सातबारा पाहण्याची मुभा सगळ्यांना आहे. महाभूलेख संकेतस्थळावर तो कुणीही उघडू शकतो. नोंद लिहिण्याचा अधिकार तलाठ्याला, म्हणजे नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याला. तोही फक्त त्याच्या सज्जातील गावांपुरता. शेजारच्या सज्जातील गाव त्याच्या लॉगिनमध्ये यायलाच नको. मात्र लिहिलेली नोंद तो स्वतः मंजूर करू शकत नाही. ते काम मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून होते.

लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा, हा नियम संगणकाने आणलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्येच तो आहे. नोंद घेतल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. नोंद एकदा मंजूर झाली की लेखनातली चूकसुद्धा तलाठ्याला परस्पर दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागतो.

अधिकार माणसाला की पदाला?

कार्यालयातील संगणक एका नेटवर्कला जोडले, की कोणते फोल्डर कोणी उघडायचे हा प्रश्न येतोच. १९७० च्या दशकातील युनिक्स प्रणालीने त्याचे साधे उत्तर दिले होते. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि 'बाकीचे सगळे'. या तिघांना वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांपैकी काय जमेल, ते वेगवेगळे ठरवायचे. पुढे विंडोज २००० सोबत आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने शेकडो कर्मचाऱ्यांची खाती आणि गट एका ठिकाणाहून सांभाळण्याची सोय केली.

यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे गट. फोल्डरचा अधिकार थेट एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर दिला, तर त्याची बदली झाल्यावर पन्नास ठिकाणी जाऊन तो काढावा लागतो, आणि एखादे ठिकाण हमखास राहते. अधिकार 'तलाठी' किंवा 'लेखा विभाग' या गटाला दिला, तर माणसाला गटातून काढले की काम झाले.

ई-फेरफारमध्ये ही जबाबदारी तालुक्याला डीबीए म्हणून नेमलेल्या नायब तहसीलदाराची. तलाठ्याची बदली झाली, एकाकडे दोन सज्जांचा भार आला किंवा कुणी निवृत्त झाले, की अधिकार त्यानुसार काढायचे आणि द्यायचे. जुने खाते बंद करावे, पण पुसून टाकू नये. त्या खात्यातून कोणत्या नोंदी झाल्या, हे वर्षांनंतरही शोधावे लागते.

घोळ होतो तो कुठे?

बहुतेक वेळा संगणकाबाहेर. तलाठी कार्यालयात बसून काम उरकणाऱ्या खासगी माणसाला लोक 'झिरो तलाठी' म्हणतात. साहेबांचा पासवर्ड आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन त्याच्या हाती गेले, की सगळी चौकट असून नसल्यासारखी. संगणकाच्या लेखी नोंद तलाठ्यानेच केलेली असते आणि पुढे चौकशी लागली तर उत्तरही त्यालाच द्यावे लागते. कामाचा बोजा हे कारण खरे असेलही, पण ज्याची जमीन गेली त्याला ते सांगून काय उपयोग? आणि हे महसूल खात्यापुरते नाही. पतसंस्था असो वा शाळा, सगळ्यांच्या संगणकावर एकच पासवर्ड आणि तोही मॉनिटरला चिकटवलेला, हे दृश्य नवे नाही.

मोबाइलवर काय पाहता येते?

महाभूमी संकेतस्थळावरील 'आपली चावडी' या डिजिटल नोटीस बोर्डावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडले, की त्या गावात सुरू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आपला गट क्रमांक तिथे अनपेक्षितपणे दिसला, तर १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध असून त्याचे शुल्क १५ रुपये आहे. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. त्यावरून नोंद कशाच्या आधारे झाली, ते फेरफार उताऱ्यात पाहता येते. नोंद मंजूर झाल्यानंतर लक्षात आले, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते. त्याची मुदत ६० दिवस.