पंचनाम्यात न मावणारे दुःख

कुरुंदवाड - कृष्णा आणि पंचगंगेच्या काठच्या या गावाला पूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांतील महापुरांनी शिरोळ तालुक्याला मोठा तडाखा दिला. पाणी ओसरले, की पंचनामे सुरू होतात. भिंती किती पडल्या, जनावरे किती दगावली, ऊस किती कुजला, याची नोंद होते. मात्र, दावणीची म्हैस मागे ठेवून नावेत पाऊल टाकताना माणसाच्या मनाचे काय झाले, यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. ते कोणी लिहून ठेवले, तरच उरते.

आज हातातील मोबाईलमुळे असे लेखन क्षणात हजारो अनोळखी लोकांपर्यंत जाते. त्यामुळे जुनाच प्रश्न नव्याने विचारला जातो. घरचे दुःख चव्हाट्यावर का मांडायचे? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे मानणाऱ्या समाजात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. त्याचे उत्तर शोधताना लिहिणे आणि ते इतरांना देणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

लिहिण्याने काय साधते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहिण्यास सांगण्यात आले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर इतरांनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांवर. या दुसऱ्या गटातही काहींनी केवळ घटना, काहींनी केवळ भावना, तर काहींनी दोन्ही लिहिल्या. दोन्ही लिहिणाऱ्यांचे मन लगेच हलके झाले नाही. उलट लिहून झाल्यावर ते अधिक खिन्न होते. पुढील सहा महिन्यांत मात्र त्यांना आरोग्य केंद्राची पायरी तुलनेने कमी चढावी लागली. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा लाभ सरासरीने लहानच आढळला. त्यामुळे लेखन हा औषधोपचारांना पर्याय नव्हे. पण काय घडले आणि त्या वेळी काय वाटले, हे एकत्र मांडल्याने विखुरलेल्या अनुभवाला आकार येतो, एवढे यातून समजते.

लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे, हे लेखन प्रसिद्ध करण्यासाठी नव्हते. म्हणजेच लिहिणाऱ्याचा लाभ कागदावरच पूर्ण होऊ शकतो. मग ते इतरांना वाचायला का द्यावे?

वाचणाऱ्याचे देणे

याचे उत्तर मराठी आत्मकथनांनी दिले आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लेखन केले. ते कागद वीस वर्षे अडगळीत राहिले. पुढे ते 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या पुस्तकातून वाचकांसमोर आले. महार समाजातील स्त्रियांनी सोसलेली अस्पृश्यता, उपासमार आणि घरातील मारहाण त्यांनी आडपडदा न ठेवता मांडली. ते कागद अडगळीतच राहिले असते, तर एका स्त्रीचे गुपित राहिले असते. छापले गेल्याने ते एका समाजाच्या इतिहासाचे साधन झाले.

कोल्हापूर जिल्ह्यातीलच कागलच्या आनंद यादव यांनी 'झोंबी'मध्ये (१९८७) शिक्षणासाठी वडिलांशी झालेला संघर्ष लिहिला. या पुस्तकाला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळा सोडून शेतात राबावे लागलेल्या कोणाही मुलाला त्यात स्वतःचे घर दिसू शकते. 'हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आले नाही' ही जाणीव उपदेशाने येत नाही. दुसऱ्याच्या प्रामाणिक शब्दांनी येते.

मर्यादाही हव्यात

प्रामाणिकपणा म्हणजे सर्व काही सांगून टाकणे नव्हे. आपल्या कहाणीत आई, पती, मुले, शेजारीही असतात आणि त्यांची संमती गृहीत धरता येत नाही. छापील पुस्तक तयार होईपर्यंत फेरविचाराला अवधी मिळतो. मोबाईलवर तो आपणच घ्यावा लागतो. एकदा पसरलेला मजकूर पूर्णपणे मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जखम ओली असताना आधी वहीत लिहावे. काही दिवसांनी ते पुन्हा वाचावे. इतरांची ओळख पटेल असा तपशील गाळावा आणि मगच ते देण्याचा निर्णय घ्यावा. न देण्याचा निर्णयही तितकाच योग्य असू शकतो.

नदीकाठच्या गावांना पुढील पुराची धास्ती असतेच. किती फूट पाणी आले, हे सरकारी दप्तरात सापडेल. त्या पाण्यात माणसे कशी जगली, हे पुढच्या पिढीला कळायचे असेल, तर पंचनाम्यात नसलेला तो रकाना ज्याचा त्यानेच भरायला हवा.