एका लहान महाविद्यालयाचा हंगाम
इमॅक्युलाटाच्या विद्यार्थिनींनी जिंकलेले 1972 चे अजिंक्यपद

बास्केटबॉल हा खेळ मुळात शिक्षकांनी निर्माण केलेला खेळ होय. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे 1891 साली जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना चार भिंतींच्या आत खेळता यावे म्हणून तो योजला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने तो मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला. मात्र मुलींना दमछाक सोसणार नाही, धक्काबुक्की त्यांना शोभणार नाही, अशी त्या काळाची धारणा होती. त्यामुळे मैदानाचे तीन भाग पाडण्यात आले आणि ज्या खेळाडूस जो भाग नेमून दिला असेल त्याबाहेर तिने पाऊल टाकावयाचे नाही, असा नियम झाला. मार्च 1893 मध्ये तेथे दोन वर्गांत सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

हे नियम पुढे वेळोवेळी सैल होत गेले. तथापि महिलांचा खेळ निराळाच राहिला. संघात सहा खेळाडू, त्यांपैकी बहुतेकींना अर्ध्याच मैदानावर वावरण्याची मुभा, चेंडूचे टप्पे मारण्यावरही दीर्घकाळ मर्यादा. पाच खेळाडूंनी संपूर्ण मैदानावर खेळावयाचे ही पद्धत महिलांसाठी 1971 मध्ये कायम झाली. प्रस्तुत लेखात ज्या हंगामाची हकीकत दिली आहे, तो याच बदलानंतरचा, 1971-72 चा हंगाम होय.

आगीनंतरचा संघ

पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस इमॅक्युलाटा हे ख्रिस्ती भगिनींनी 1920 साली स्थापन केलेले मुलींचे महाविद्यालय होते. त्याची व्यायामशाळा 1967 मध्ये आगीत भस्मसात झाली. तेव्हापासून बास्केटबॉलच्या संघाला स्वतःचे म्हणावे असे मैदान उरले नाही. भगिनींच्या मठातील सभागृहात सराव चाले आणि सामन्यांसाठी परक्यांच्या दारी जावे लागे. अंगावर गणवेश होता तो जाड लोकरीच्या कापडाचा. तो घालून धावावे कसे, याचा विचार तो शिवणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही.

अशा स्थितीत 1970 मध्ये कॅथी रश ही अवघ्या बावीस-तेवीस वर्षांची तरुणी प्रशिक्षिका म्हणून रुजू झाली. संपूर्ण हंगामाचे तिचे मानधन 450 डॉलर होते. जवळच असलेल्या वेस्ट चेस्टर येथील सरकारी महाविद्यालयाची ती माजी विद्यार्थिनी. मूळची शिक्षक-प्रशिक्षण संस्था असलेल्या त्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे अध्यापन नावाजलेले होते आणि महिला बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा 1969 मध्ये तेथेच भरली होती. ती स्पर्धा वेस्ट चेस्टरनेच जिंकली.

रश यांनी आपल्या विद्यार्थिनींना पुरुषांच्या खेळातील डावपेच शिकविण्यास आरंभ केला. प्रतिस्पर्धी संघाला त्याच्याच अर्ध्या मैदानात कोंडून धरणे, सहकारी खेळाडूला मोकळी वाट मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात उभे राहणे, अशी ही तंत्रे होती. सहा खेळाडूंच्या जुन्या खेळात त्यांना फारसा वावच नव्हता. नियम बदलला तेव्हा अनेक संघ नव्या खेळाशी जुळवून घेत होते. या संघाने त्याची तयारी आधीपासून चालविली होती. यशाचे श्रेय जिद्दीला देण्याची आपली रीत आहे आणि जिद्द येथेही होतीच. परंतु नव्या नियमाचा अर्थ इतरांच्या आधी ओळखणे हा या यशातील मोठा भाग होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संघाची आधारस्तंभ होती थेरेसा शँक ही उंच खेळाडू. तिच्या कुटुंबाचे घर आगीत जळाले. दूरच्या महाविद्यालयात जाण्याचा बेत त्यामुळे सोडावा लागला आणि घरून ये-जा करता येईल म्हणून ती इमॅक्युलाटात आली. दोन आगींनी हा संघ घडविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

बत्तीस गुणांचा पराभव

हंगामभर इमॅक्युलाटाचा संघ एकही सामना हरला नाही. मात्र विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गाठ पडली ती वेस्ट चेस्टरशी, आणि 70 विरुद्ध 38 असा दणदणीत पराभव पदरी आला. तरीही राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. सोळा संघांच्या क्रमवारीत स्थान मिळाले पंधरावे.

ही स्पर्धा महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडा संघटनेने भरविलेली पहिलीच होती. ती मार्च 1972 मध्ये इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी झाली. शिक्षक वाचकांना या नावाचे कुतूहल वाटेल. तेथील अध्यापक विद्यालयावरून, म्हणजे ‘नॉर्मल स्कूल’वरून, गावाला हे नाव पडले. आपल्याकडेही जुन्या अध्यापन शाळांना नॉर्मल स्कूल म्हणत असत.

खरी अडचण होती प्रवासखर्चाची. मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून पैसे जमविले. तेवढ्याने सर्वांची तिकिटे होईनात, म्हणून आठच खेळाडू निघाल्या. त्याही विमानात जागा रिकामी राहिल्यास मिळणाऱ्या स्वस्त तिकिटावर. संघातील उरलेल्या मुलींना मागे राहावे लागले. तालुका आणि जिल्हा स्पर्धांना मुली घेऊन जाणाऱ्या आपल्याकडील शिक्षिकांना यात नवल वाटणार नाही. कोणती मुलगी खेळणार याचा निर्णय पुष्कळदा मैदानावर न होता गाडीभाड्याच्या हिशेबात होतो.

तेथे गेल्यावर गणवेश रोज रात्री धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा घालावा लागे. सामने लागोपाठच्या दिवसांत होते आणि बदली खेळाडू मोजक्याच होत्या. पहिली फेरी पार पडली. पुढील दोन सामने अगदी थोडक्या गुणांच्या फरकाने जिंकले आणि 19 मार्च रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा वेस्ट चेस्टरच उभे राहिले. ज्या संघाने काही दिवसांपूर्वी बत्तीस गुणांनी धूळ चारली होती, त्याला या आठ जणींनी 52 विरुद्ध 48 असे हरविले. फिलाडेल्फियाच्या विमानतळावर स्वागतासाठी मोठा जमाव लोटला होता.

पुढील दोन वर्षीही अजिंक्यपद इमॅक्युलाटाकडेच राहिले. सामन्यांना भगिनी मोठ्या संख्येने येऊ लागल्या. एका खेळाडूच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. तेथून आलेल्या पत्र्याच्या बादल्या बडवून त्या संघाला प्रोत्साहन देत. 22 फेब्रुवारी 1975 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स महाविद्यालयाविरुद्ध झालेला त्यांचा सामना पाहण्यास 11,969 प्रेक्षक हजर होते. ज्या खेळाच्या प्रारंभी पुरुषांना दाराबाहेर थांबविले जाई, त्या खेळाला आता तिकिटे काढून लोक येत होते.

कायदा आला तेव्हा

नॉर्मल येथील विजयानंतर सुमारे तीन महिन्यांनी, 23 जून 1972 रोजी, अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्याच्या नवव्या प्रकरणाला मंजुरी मिळाली. सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, अशी त्यातील तरतूद आहे. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. तथापि त्याखालील नियम 1975 मध्ये अमलात आले, तेव्हा शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनाही ते लागू झाले. 1971-72 मध्ये तेथील माध्यमिक शाळांत सुमारे 2 लाख 94 हजार मुली खेळांत भाग घेत होत्या, तर मुलगे 36 लाखांहून अधिक होते. पुढील सहा वर्षांत मुलींची संख्या 20 लाखांवर गेली.

याच घडामोडींची दुसरी बाजूही आहे. महिला संघटनेचा क्रीडा-शिष्यवृत्त्यांना प्रारंभी विरोध होता. पैशामुळे खेळाचे शैक्षणिक स्वरूप बिघडेल, अशी तिची भीती होती. फ्लॉरिडातील काही टेनिस खेळाडू व त्यांच्या प्रशिक्षिकेने न्यायालयात धाव घेतल्यावर 1973 मध्ये ही बंदी उठली. शिष्यवृत्ती मिळू लागल्याने अनेक गरीब मुलींना उच्च शिक्षणाचे दार उघडले, हे निर्विवाद आहे. परंतु उत्तम खेळाडू आता मोठ्या, साधनसंपन्न विद्यापीठांकडे वळू लागल्या. घरून ये-जा करणाऱ्या मुलींवर उभ्या असलेल्या लहान महाविद्यालयांना ही चढाओढ परवडणारी नव्हती. 1975 आणि 1976 मध्ये इमॅक्युलाटा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, पण दोन्ही वेळा मिसिसिपीतील डेल्टा स्टेट या सरकारी विद्यापीठाकडून पराभूत झाले. सात हंगामांत 149 विजय आणि अवघे 15 पराभव अशी कामगिरी करून रश यांनी 1977 मध्ये पद सोडले.

संघातील अनेक मुली पुढे स्वतः प्रशिक्षिका झाल्या. थेरेसा शँक, विवाहानंतरच्या ग्रेन्ट्झ, यांच्या मार्गदर्शनाखाली रटगर्स विद्यापीठाने 1982 मध्ये याच महिला संघटनेचे शेवटचे अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर ती संघटना बंद पडली आणि महिलांच्या स्पर्धांची सूत्रे पुरुषांच्या स्पर्धा चालविणाऱ्या राष्ट्रीय संघटनेकडे गेली. इमॅक्युलाटाच्या त्या संघाचा 2014 मध्ये बास्केटबॉलच्या गौरव-दालनात समावेश करण्यात आला. महाविद्यालयाला 2002 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि 2005 पासून तेथे मुलग्यांनाही प्रवेश मिळू लागला. मुलींचा संघ आजही खेळतो, तो मात्र राष्ट्रीय स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही.